लिगँड नसतानाही जनुक चालू का राहते? सिननॉच ग्राही घडवणाऱ्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न असा आहे. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात सिननॉच नावाचा कृत्रिम ग्राही, म्हणजे पेशीच्या पटलावर बसून बाहेरचा संकेत ओळखणारे प्रथिन, एचईके293 या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींमध्ये बसवला. शेजारच्या पेशीवर सीडी19 हे प्रथिन (इथला लिगँड, म्हणजे ग्राही ज्याला ओळखतो तो रेणू) असेल तरच या पेशींनी हिरवे चमकणारे प्रथिन, म्हणजे जीएफपी, तयार करावे अशी योजना होती. प्रत्यक्षात सीडी19 नसलेल्या पेशींबरोबर वाढवले तरी जीएफपी दिसते, आणि खऱ्या व खोट्या संकेतांत जेमतेम दुपटीचा फरक पडतो. ग्राहीची रचना चुकली आहे का, आणि 'हे दिसले तर ते जनुक चालू कर' असा हुकूम पेशीला खरोखर देता येतो का, असे विद्यार्थिनीने विचारले आहे.

दुसऱ्या भागाचे उत्तर होकारार्थी आहे. पहिल्या भागाचे उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे. या क्षेत्रात जनुक चालू करणे आता अवघड राहिलेले नाही. संकेत नसताना ते बंद ठेवणे अवघड आहे. कृत्रिम ग्राही चांगला की वाईट, हे मी तो गप्प असताना किती गप्प राहतो यावरून ठरवतो. तुमचा प्रयोग फसलेला नाही. ज्या अडचणीपाशी या विषयावर काम करणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी पोहोचतो, तिथे तुम्ही पोहोचला आहात.

असा ग्राही लागतोच कशासाठी, हे आधी पाहू. पेशीच्या बहुतेक नैसर्गिक ग्राहींचा संदेश पटलातून आत आला की तो अनेक प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकतो, वाटेत वाढतो, इतर संदेशांत मिसळतो, आणि शेवटी शेकडो जनुकांवर एकाच वेळी परिणाम करतो. अशा ग्राहीचा बाहेरचा भाग बदलला तर पेशी काय ओळखते ते बदलते; पण ओळखल्यावर काय करते ते बदलत नाही. कार टी-पेशी, म्हणजे कार हा कृत्रिम ग्राही बसवलेल्या रोगप्रतिकारक टी-पेशी, हे याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. तिथे बाहेर प्रतिपिंडाचा तुकडा आणि आत टी-पेशीच्या स्वतःच्या ग्राहीतील झीटा साखळीचा भाग असतो; त्यामुळे प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंड ओळखते ती खूण, दिसताच टी-पेशी आपला संपूर्ण ठरलेला कार्यक्रम सुरू करते, म्हणजे मारते, विभागते आणि सायटोकाइन ही संदेश नेणारी प्रथिने सोडते. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियल केंद्रात घडलेले नेक्सकार19, ज्याला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, याच तत्त्वावर चालते आणि सीडी19 ओळखते. सीडी19 हे बी-पेशींवर असते, निरोगी बी-पेशींवरही असते, आणि त्या काही काळ नष्ट झाल्या तरी रुग्ण जगू शकतो. रक्ताच्या काही कर्करोगांत ही उपचारपद्धती यशस्वी होण्यामागे ही सवलत मोठी आहे. फुप्फुस, स्वादुपिंड किंवा मेंदूतील गाठींच्या बाबतीत अशी सवलत मिळत नाही. तिथे गाठीवर असलेले जवळपास प्रत्येक प्रतिजन कुठल्या ना कुठल्या आवश्यक अवयवावरही थोडेफार सापडते. म्हणून एकाच खुणेवर विसंबून न राहता दोन खुणा पाहून निर्णय घेणारी पेशी हवी, आणि त्यासाठी असा ग्राही हवा की ज्याचे आत आणि बाहेर दोन्ही आपल्या हातात असेल.

नॉच हा नैसर्गिक ग्राही इथे उपयोगी पडला, तो त्याच्या साध्या कारभारामुळे. फळमाशीच्या पंखाच्या कडेला खाच पाडणाऱ्या उत्परिवर्तनावरून त्याला हे नाव पडले आणि गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून तो जनुकशास्त्रज्ञांच्या ओळखीचा आहे. त्याचा लिगँड रक्तात किंवा द्रावणात मोकळा फिरत नाही. तो शेजारच्या पेशीच्या पटलावर रोवलेला असतो. ग्राहीला लिगँड चिकटला की शेजारची पेशी तो लिगँड आत ओढून घेऊ लागते, आणि त्या ओढीने नॉचच्या बाहेरच्या भागातील एक घडी उलगडते. ही ओढ काही पिकोन्यूटन इतकीच असते. घडी मिटलेली असताना तिच्या आत एक छेदनस्थान झाकलेले असते. ते उघडे पडताच अ‍ॅडॅम10 हे विकर तिथे काप घेते, आणि त्यानंतर पटलाच्या आतच गॅमा-सिक्रिटेज हे दुसरे विकर आणखी एक काप घेते. दुसऱ्या कापाने ग्राहीची आतली शेपटी सुटी होते, केंद्रकात जाते आणि जनुके चालू करते. मधे साखळी नाही, संदेश वाढवणारा दुवा नाही. एक ग्राही एकदाच वापरला जातो आणि त्यातून एकच शेपटी सुटते.

या शेपटीच्या जागी दुसरे प्रथिन जोडता येते, हे फळमाशीवर काम करणाऱ्यांना बऱ्याच आधीपासून ठाऊक होते. स्ट्रुल आणि अडाची यांनी 1998 मध्ये नॉचच्या आतल्या भागात यीस्टमधील गॅल4 हे डीएनएवर बसणारे प्रथिन आणि विषाणूतील जनुक चालू करणारा एक सक्रियक बसवून, नॉच केंद्रकात खरोखर जातो का हे पाहिले होते. त्या वेळी तो नॉच समजून घेण्याचा उपाय होता. पुढे 2016 साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वेंडेल लिम यांच्या प्रयोगशाळेत लिओनार्डो मोर्सुत, कोल रॉयबल आणि सहकाऱ्यांनी ग्राहीची दोन्ही टोके एकाच वेळी बदलून दाखवली. नॉचचा फक्त मधला गाभा, म्हणजे मिटणारी घडी, पटलातून जाणारा भाग आणि छेदनस्थाने, एवढाच त्यांनी ठेवला. बाहेर सीडी19 ओळखणारा प्रतिपिंडाचा तुकडा किंवा जीएफपी ओळखणारी नॅनोबॉडी, म्हणजे छोटेसे प्रतिपिंड, लावली. आत गॅल4-व्हीपी64 किंवा टेट्रासायक्लिनला प्रतिसाद देणारा टीटीए हा प्रतिलेखन घटक, म्हणजे डीएनएवर बसून जनुक चालू करणारे प्रथिन, लावला. जे जनुक चालू करायचे त्याच्या अगोदर गॅल4 बसण्याच्या पाच जागा आणि एक अत्यंत तोकडा प्रोमोटर, म्हणजे जनुकाचे वाचन जिथून सुरू होते तो डीएनएचा तुकडा, ठेवला. यीस्टचा गॅल4 ज्या डीएनए क्रमावर बसतो तो मानवी पेशीच्या स्वतःच्या जनुकांच्या नियमनात वापरला जात नाही, म्हणून हा संदेश इतर कारभारात मिसळत नाही. तुमच्या प्रकल्पातील रचना याच नमुन्यावर बेतलेली आहे, असे तुम्ही दिलेल्या वर्णनावरून दिसते.

या रचनेने काय साधते हे टी-पेशींवरच्या कामातून उत्तम कळते. रॉयबल यांनी त्याच वर्षी दाखवले की सिननॉचला प्रतिजन 'अ' दिसल्यावरच कारचे जनुक चालू होईल, आणि कारला प्रतिजन 'ब' दिसल्यावरच टी-पेशी मारेल, अशी दोन कुलपांची योजना उंदरांत काम करते. 'अ' नाही तर कार तयारच होत नाही. 'अ' आहे पण 'ब' नाही तर कार तयार होऊनही निष्क्रिय राहते. या योजनेची मर्यादा सिॲटलमध्ये शिवानी श्रीवास्तव आणि स्टॅन्ली रिडेल यांच्या गटाने 2019 मध्ये दाखवली, आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना यशाच्या निबंधांआधी ते काम वाचायला सांगतो. आरओआर1 या प्रतिजनाविरुद्धच्या कार टी-पेशी उंदरांच्या अस्थिमज्जेतील निरोगी आधारपेशींवरही हल्ला करून प्राणघातक ठरत होत्या. गाठीवरचे दुसरे प्रतिजन आधी पाहूनच कार तयार करणाऱ्या सिननॉच पेशींनी तो धोका टाळला. पण गाठ निरोगी पेशींपासून वेगळ्या ठिकाणी असेपर्यंतच. गाठीच्या पेशी अस्थिमज्जेतच जाऊन बसल्या, तर टी-पेशी तिथे गाठ पाहून सज्ज होते आणि शेजारच्या निरोगी पेशीलाही मारते. म्हणजे या कुलपाला जागा कळते, पण पेशीपेशीतला फरक कळत नाही. एकदा तयार झालेली कार काही तास पटलावर टिकते, आणि तेवढ्या वेळात टी-पेशी पुढच्या पेशीपर्यंत पोहोचते, एवढे साधे त्याचे कारण आहे.

हाच दोष मेंदूतील ग्लायोब्लास्टोमाच्या बाबतीत गुण ठरतो, आणि तो विचार मला या क्षेत्रातील सर्वांत सुंदर विचारांपैकी एक वाटतो. या गाठीतील काहीच पेशींवर ईजीएफआरव्ही3 हे उत्परिवर्तित प्रथिन असते. ते शरीरात इतरत्र नसते, त्यामुळे खूण म्हणून निर्धोक आहे. पण सर्व गाठपेशींवर नसल्यामुळे फक्त त्यावर बेतलेला उपचार अपुरा पडतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात लिम आणि हिदेहो ओकाडा यांच्या गटांनी ही तुरळक खूण केवळ टी-पेशीला सज्ज करण्यासाठी वापरली, आणि सज्ज झालेल्या पेशीने ईएफए2 व आयएल13आरए2 ही अधिक सर्वदूर असलेली प्रतिजने पाहून शेजारच्या सर्व गाठपेशी माराव्यात अशी मांडणी केली. काही पेशींवरच्या खुणेने भोवतालच्या सर्वांवरचा हल्ला सुरू होतो, आणि गाठीबाहेर ती खूण नसल्याने हल्ला तिथेच राहतो. त्याच कामात मेंदूपुरतेच आढळणारे एमओजी हे प्रथिन सज्जतेची खूण म्हणून वापरूनही पाहिले आहे. या मांडणीच्या पेशींची मानवी चाचणीही पुढे सुरू झाली.

आता तुमच्या पेशी.

जीएफपी नको तेव्हा दिसते याची तीन वेगवेगळी उगमस्थाने असू शकतात, आणि बहुतेक जण थेट ग्राहीची रचना बदलायला धावतात, ही पहिली चूक होते. पहिले उगमस्थान म्हणजे जीएफपीच्या अगोदरचा प्रोमोटर, जो गॅल4 शिवायही थोडा चालू असतो. दुसरे म्हणजे ग्राही, जो लिगँडशिवायच कापला जातो. तिसरे म्हणजे तुम्ही स्वतः पेशी हाताळताना नकळत ग्राहीला दिलेला धक्का. तिन्हींचा परिणाम फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या तंत्राच्या, आलेखावर सारखाच दिसतो, म्हणून डोळ्यांनी पाहून निर्णय घेता येत नाही.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या उमेदवारीच्या काळात मी त्यापायी कित्येक आठवडे गमावले आहेत आणि तुमच्या वर्णनात मला तीच शक्यता ठळक दिसते. नॉचच्या गाभ्यातील घडीत तीन छोटी पुनरावृत्त वळणे असतात आणि प्रत्येक वळण आपला आकार टिकवण्यासाठी कॅल्शियमचा एक अणू धरून असते. शिवाय हा ग्राही पटलावर येण्याआधी फ्युरिन नावाचे विकर त्याला एकदा कापते, आणि त्यानंतर त्याचे दोन तुकडे केवळ परस्परांच्या ओढीने एकत्र राहतात. कॅल्शियम काढून घेतले की घडी सैल होते, बाहेरचा तुकडा निसटतो, छेदनस्थान उघडे पडते आणि ग्राही लिगँडशिवाय कापला जातो. एचईके293 पेशी तबकडीला चिकटून वाढतात. त्या सोडवण्यासाठी आपण ट्रिप्सिन आणि ईडीटीए वापरतो, आणि ईडीटीए नेमके कॅल्शियमच बांधून ठेवते. आपण पेशी सोडवतो, मोजतो, लिगँडवाल्या पेशींबरोबर पेरतो, आणि 24 तासांनी जीएफपी पाहतो. त्या 24 तासांत आधल्या दिवशीच्या ईडीटीएने सुटलेल्या शेपट्यांनी दोन्ही तबकड्यांत सारखेच जीएफपी तयार केलेले असते. आम्ही त्या वेळी ग्राहीचे चार प्रकार नव्याने बांधले, चारही 'गळके' निघाले, आणि अखेर एका सहकाऱ्याने न सोडवता तशाच ठेवलेल्या तबकडीवर लिगँडवाल्या पेशी ओतल्या तेव्हा पार्श्वभूमी खाली आली. तुम्हीही तसेच करा. ग्राहीवाल्या पेशी पेरा, दोन दिवस शांत राहू द्या, आणि मग माध्यम न बदलता वरून लिगँडवाल्या के562 पेशी (मानवी रक्तकर्करोगातून मिळालेले एक वाण) घाला. त्या तरंगत वाढतात, त्यामुळे त्यांना सोडवण्यासाठी ईडीटीए लागतच नाही. पेशी वेगळ्या करायच्या असतील आणि नंतर पुन्हा वाढवायच्या असतील, तर फ्लो सायटोमीटरच्या द्रावणातील ईडीटीएचाही विचार करा.

इथेच जीएफपीचा एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. ते अतिशय टिकाऊ प्रथिन आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशींत त्याचे अर्धायुष्य साधारण एक दिवस असते. त्यामुळे तासाला थोडीशी गळती असली तरी ती साठत जाते, आणि परवाच्या धक्क्याची खूण आजही दिसते. गळती मोजायची असेल तर जलद नष्ट होणारे जीएफपी वापरा, ज्याला ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेजची शेपटी जोडलेली असते आणि ज्याचे अर्धायुष्य सुमारे दोन तासांचे असते. त्यात चमक कमी मिळते, पण जी मिळते ती आत्ताची असते.

हाताळणीची शंका दूर झाल्यावरही हिरवा रंग राहिला तर पहिल्या दोन उगमस्थानांकडे या. त्यांना वेगळे करण्याचा मार्ग सोपा आणि स्वस्त आहे. एका तबकडीत फक्त जीएफपीची रचना असलेल्या, ग्राही अजिबात नसलेल्या पेशी ठेवा. दुसऱ्या तबकडीत दोन्ही असलेल्या पेशी ठेवून त्यात डीएपीटी हे गॅमा-सिक्रिटेज रोखणारे रसायन घाला. ग्राही नसतानाही पेशी हिरव्या असतील तर ग्राही निर्दोष आहे आणि प्रोमोटर दोषी आहे. ग्राही नसताना पेशी काळोख्या, ग्राही असताना हिरव्या, आणि डीएपीटीने पुन्हा काळोख्या होत असतील तर ग्राही लिगँडशिवाय कापला जातो आहे. डीएपीटी घालूनही हिरवेपणा टिकत असेल तर एक तर त्यातले जीएफपी जुने आहे, किंवा प्रतिलेखन घटक पटलाला न जुळता मोकळाच तयार होतो आहे; अशा वेळी रचनेच्या सुरुवातीचा संकेतक्रम आणि वाचनचौकट पुन्हा तपासावी लागते. तुम्ही टीटीए वापरत असाल तर आणखी एक सोय आहे: डॉक्सिसायक्लिन घातले की टीटीए डीएनएवरून सुटतो, म्हणून डॉक्सिसायक्लिनमध्येही जे उरते ते प्रोमोटरचे स्वतःचे. उलट बाजूने, लिगँडवाल्या पेशी खरोखर लिगँड दाखवत आहेत का हेही प्रतिपिंडाने रंगवून पाहा. आणि दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच नळीत असल्याने, के562 पेशींना वेगळा रंग देऊन ठेवल्याशिवाय त्यांची स्वतःची चमक तुमच्या मोजणीत मिसळणार नाही याची खात्री देता येत नाही.

प्रोमोटर दोषी ठरला तर तो बदला. तोकड्या सीएमव्ही (एका विषाणूच्या) प्रोमोटरऐवजी संश्लेषित, अधिक शांत प्रोमोटर उपलब्ध आहेत आणि बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते. लेंटिव्हायरसने, म्हणजे जनुके पेशीत नेणाऱ्या विषाणू-वाहकाने, रचना बसवताना ती जिनोममध्ये कुठेही जाऊन बसते. शेजारी एखादे जोमाने चालणारे जनुक असेल तर त्याचा प्रभाव तुमच्या प्रोमोटरवर पडतो. म्हणून संपूर्ण मिश्रणाची सरासरी पाहण्यात अर्थ नाही. लिगँड नसताना काळोख्या असलेल्या पेशी आधी वेगळ्या काढा, त्यांना लिगँड दाखवा, त्यातून उजळलेल्या पुन्हा वेगळ्या काढा, आणि एकेका पेशीपासून वाढवलेले वाण तपासा. त्याच वाहकावर दुसरा, सतत चालणारा प्रोमोटर असेल, जो ओळखीसाठी लाल प्रथिन बनवतो, तर त्याची दिशा आणि अंतर यांकडेही लक्ष द्या. तोच कित्येकदा शेजाऱ्याला जागे ठेवतो.

ग्राही दोषी ठरला तर सर्वांत आधी त्याचे प्रमाण तपासा. अतिशय जोरकस प्रोमोटरखाली ग्राही बनवला की पटलावर त्याची गर्दी होते, आणि शंभरातला एक जरी आपणहून कापला गेला तरी जनुक चालू करायला तेवढ्या शेपट्या पुरतात. इथे नॉचचा साधेपणा दोन्हीकडून काम करतो: मधे संदेश वाढवणारा दुवा नसल्यामुळे गळती आणि खरा संकेत, दोन्ही ग्राहींच्या संख्येच्या थेट प्रमाणात असतात. ग्राहीचे प्रमाण मध्यम ठेवलेल्या पेशींत मला नेहमी सर्वांत मोठा गुणोत्तर-फरक मिळाला आहे, जरी त्यांची कमाल चमक कमी असली तरी. नवशिक्यांना मी हे वारंवार सांगतो, कारण चमकदार चित्राचा मोह मोठा असतो.

प्रमाण कमी करूनही गळती राहिली तर गाभा बदलण्याची वेळ आली. मूळ सिननॉचमध्ये पटलाच्या आतल्या बाजूचा नॉचचा थोडाच भाग ठेवलेला आहे. 2020 मध्ये असे दिसून आले की नॉचच्याच आतल्या भागातील सात अमिनो आम्लांचा एक जलविरोधी तुकडा, ज्याला रॅम7 म्हटले गेले, परत जोडला तर लिगँडशिवायची सक्रियता लक्षणीय घटते. छोटासा बदल आहे, तुमच्या प्रयोगशाळेत एका क्लोनिंगमध्ये होण्यासारखा आहे, आणि मी तुमच्या जागी असतो तर तोच आधी केला असता. त्याहून व्यापक पुनर्रचना रॉयबल यांच्या गटाने 2022 मध्ये मांडली. त्यांनी बाहेरचा सांधा, पटलातील भाग आणि पटलालगतचा आतला तुकडा असे तिन्ही भाग वेगवेगळ्या मानवी प्रथिनांतून घेऊन अनेक जोड्या तपासल्या, आणि निवडक जोड्यांना स्नायपर असे नाव दिले. त्यातून मिळालेले ग्राही आकाराने आटोपशीर आहेत, आणि नॉचची मोठी घडी काढून टाकूनही लिगँडला प्रतिसाद देतात. घडीविना ग्राही शांत राहू शकतो हे आम्हा अनेकांना अनपेक्षित होते.

आकाराला महत्त्व आहे, कारण लेंटिव्हायरसमध्ये साधारण आठ-नऊ हजार बेसजोड्यांपलीकडे सामान भरले की उत्पादन झपाट्याने घसरते. ग्राही, प्रतिलेखन घटक, प्रतिसाद देणारा प्रोमोटर आणि कार एवढे सगळे एकाच वाहकात बसवायचे असेल तर प्रत्येक तुकड्याचा हिशेब ठेवावा लागतो. मानवी मूळ असण्यालाही तितकेच महत्त्व आहे. गॅल4 यीस्टचा, व्हीपी64 हर्पिस विषाणूपासून घेतलेला, टीटीएमधील डीएनएवर बसणारा भाग जिवाणूचा. प्रयोगशाळेतल्या पेशींना त्याने फरक पडत नाही, पण रुग्णाच्या शरीरात त्यांचे तुकडे परके म्हणून ओळखले जाऊ शकतात आणि तयार केलेल्या पेशी महिनोन्महिने टिकण्याऐवजी नाकारल्या जाऊ शकतात. म्हणून मानवी प्रतिलेखन घटकांचे भाग जोडून केलेले किंवा मानवी झिंक-फिंगर प्रथिनांवर बेतलेले घटक पुढे आले आहेत. तुमच्या प्रकल्पाला आज त्याची गरज नाही.

तुम्ही सोबत विचारलेला आणखी एक उपप्रश्न असा होता की सीडी19 ऐवजी द्रावणातले एखादे सायटोकाइन हाच संकेत म्हणून वापरता येईल का. सिननॉचने सरळ मार्गाने नाही, कारण मोकळ्या रेणूला ओढायला कोणी नसते. तुमचा ग्राही बरोबर काम करतो आहे याची एक उत्तम चाचणीही यातच दडलेली आहे: तेच सीडी19 प्रथिन तबकडीच्या तळाला घट्ट चिकटवून दिले तर पेशी उजळल्या पाहिजेत, आणि मोकळे माध्यमात टाकले तर उजळता कामा नयेत. मोकळ्या संकेतांसाठी वेगळ्या रचना आहेत. जोशुआ लेनर्ड यांच्या गटाची 2014 मधील मेसा पद्धत दोन ग्राहींना लिगँडने जवळ आणते; एकावर तंबाखूच्या एका विषाणूतील टीईव्ही हे छेदक विकर असते आणि दुसऱ्यावर त्याच विकराच्या छेदनस्थानामागे प्रतिलेखन घटक. त्याआधी 2008 मध्ये आलेल्या टँगो पद्धतीत नैसर्गिक ग्राहीकडे येणाऱ्या अरेस्टिन प्रथिनाला तेच विकर जोडलेले होते. मार्टिन फुसेनेगर यांच्या स्वित्झर्लंडमधील गटाने 2018 मध्ये एरिथ्रोपोएटिनच्या ग्राहीचा सांगाडा वापरून पेशीच्या नैसर्गिक संदेशमार्गांनाच वळण दिले. त्यात संदेश वाढतो, म्हणून संवेदनशीलता भरपूर मिळते, पण तो मार्ग पेशीचे इतर ग्राहीही वापरत असल्याने अलिप्तता कमी होते. 2024 मध्ये स्नायपर ग्राहींनाही मोकळ्या रेणूंना प्रतिसाद द्यायला लावणारे काम आले, ज्यात ग्राही लिगँडसह पेशीच्या आत घेतला जाण्याची प्रक्रिया कामी येते. यांतील प्रत्येक पद्धतीला गळतीचा प्रश्न आहेच. मेसात तर तो अधिक बोचतो, कारण दोन्ही ग्राही पटलावर फिरता फिरता लिगँडशिवाय एकमेकांना भेटत असतात आणि प्रत्येक भेटीत काप पडण्याची शक्यता असते. पहिल्याच प्रकल्पात तिकडे वळू नका.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. या आठवड्यात काहीही नवे बांधू नका. आहे त्याच पेशी ट्रिप्सिनशिवाय, दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, चार स्थितींत तपासा: एकट्या, साध्या के562 बरोबर, सीडी19 असलेल्या के562 बरोबर, आणि सीडी19 असलेल्या के562 बरोबर डीएपीटी घालून. शेजारी ग्राही नसलेल्या, फक्त जीएफपीची रचना असलेल्या पेशींची तबकडी ठेवा. डीएपीटी लिगँड देण्याच्या निदान एक दिवस आधी घाला, म्हणजे जुने जीएफपी ओसरायला वेळ मिळेल. निकाल सरासरीच्या आकड्यात लिहू नका. प्रत्येक स्थितीचा पूर्ण वितरण-आलेख जपून ठेवा, कारण सर्व पेशी थोड्या हिरव्या असणे आणि थोड्याच पेशी खूप हिरव्या असणे यांची सरासरी सारखी येते आणि उपाय मात्र वेगळे असतात. पहिल्या प्रकारात ग्राहीचे प्रमाण किंवा गाभा बदलावा लागतो. दुसऱ्या प्रकारात बहुधा लेंटिव्हायरस चुकीच्या जागी बसलेल्या मूठभर पेशी असतात, आणि त्या वेगळ्या काढून टाकल्या की तुमचा आहे तोच ग्राही चालेल. ते पाच आलेख हाती आले की मला दाखवा. रॅम7 जोडायचा की फक्त पेशी निवडायच्या, हे त्यांच्यावरूनच ठरवता येईल.